किळिमानूरला निघालात? आधी बडोद्यातला रविवर्मा नीट बघून घ्या

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात देवघराशेजारच्या भिंतीवर लक्ष्मीची एक तसबीर होती, रवी वर्मा प्रेसची छापील. तिची काच कधीतरी फुटली ती परत बसलीच नाही. आजीनं जुन्या शालूची जर कातरून लक्ष्मीच्या पदराला चिकटवली होती आणि बांगड्यांच्या जागी सोनेरी टिकल्या लावल्या होत्या. दिवाळीच्या आधी ती पुसायचं काम माझं. पुसताना टिकली निघाली की भाताच्या शितानं गुपचूप परत चिकटवायची. त्या लक्ष्मीच्या उजव्या हातातल्या निम्म्या बांगड्या माझ्या हातच्या आहेत.

पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले. 31 वर्षं मुलांना भांडं, फडकं आणि दोन लिंबं समोर ठेवून छायाप्रकाश शिकवला. निवृत्त झाल्यावर ठरवून केलेला पहिला मोठा प्रवास म्हणजे राजा रविवर्म्यांचं गाव, केरळातलं किळिमानूर. दोनदा गेले. पहिली खेप वाया गेली, दुसरी जमली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी केरळला निघालं की फोन येतो, "तुम्ही जाऊन आलात ना, काय काय बघायचं?" दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी जे सांगते ते ऐकून निम्मे लोक हिरमुसतात. त्या घरात रविवर्म्यांची मूळ चित्रं नाहीत. कुटुंबाकडचा संग्रह फार पूर्वीच तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा आर्ट गॅलरीत गेला. घरात दिसल्याच तर छापील प्रती दिसतील. चित्रं बघायला आपल्याला दीड दिवस गाडीत बसायची गरजच नाही, ती दांडिया बाजारातून रिक्षानं दहा मिनिटांवर आहेत. किळिमानूरला जायचं ते उजेड बघायला. आणि तो उजेड कळायचा असेल तर तयारी इथूनच करावी लागते.

आधी इथलं

लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात महाराजा फतेहसिंह म्युझियम आहे. पाहुणे आले की आपण पॅलेस दाखवतो, दरबार हॉल दाखवतो, रात्री सेव उसळ खायला नेतो आणि म्युझियमचं "पुढच्या वेळी" म्हणून सोडून देतो. सगळा जन्म बडोद्यात गेला पण ह्या इमारतीत पाऊल टाकलं नाही, अशी माणसं माझ्या सख्ख्या नात्यात आहेत. निघायच्या आधी तिथे दोनदा जा. एकदा घरच्यांबरोबर आणि एकदा एकट्यानं. सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. सोमवारचं माझं जुनं वैर आहे, पुढे सांगते.

पहिल्या खेपेला गोष्टी बघा. सीतेचा भूमिप्रवेश, विश्वामित्र-मेनका, अर्जुन-सुभद्रा, शंतनु आणि मत्स्यगंधा, कंस आणि माया, शिवाय ती वीणा घेतलेली सरस्वती आणि कमळातली लक्ष्मी, दोन्ही 1896 च्या. ज्यांनी आयुष्यभर कॅलेंडरवरच लक्ष्मी बघितली त्यांनी मूळ चित्रासमोर जरा वेळ उभं राहावं. छापात सगळं सारखंच चकचकीत होऊन जातं. मूळ तैलरंगात अंगाचा रंग, कापडाचा रंग आणि पाण्याचा रंग एकमेकांत कसे विरघळतात ते दिसतं.

दुसऱ्या खेपेला गोष्ट विसरा, चेहरेसुद्धा विसरा. एक साधी वही न्या आणि प्रत्येक चित्रापुढे स्वतःला एकच विचारा, उजेड कुठून आलाय? वहीत चित्राच्या आकाराचा चौकोन काढून त्यात उजेडाच्या दिशेचा बाण काढा. अंधार जिथे दाट आहे तिथे पेन्सिलीनं घासा. बस, एवढंच. चित्र काढता येत नसलं तरी हे जमतं. आमच्या वन्सं आयुष्यात रांगोळीपलीकडे गेल्या नाहीत, पण त्यांनी सात चौकोन भरले आणि नंतर मलाच म्हणाल्या, "हा माणूस माणसांना आडोशाला उभं करतो आणि एका बाजूनं दार उघडतो." इतकं सरळ मला 31 वर्षांत वर्गात सांगता आलं नव्हतं. ही वही सांभाळून ठेवा, किळिमानूरला न्यायची आहे.

आता ही चित्रं बडोद्याला आली कशी, ते थोडक्यात. दुवा होते टी. माधवराव, कुंभकोणमचे, तंजावरी मराठी. त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरला होळकरांचे, आणि 1875 पासून आपले बडोद्याचे. तरुण रविवर्म्यांना ते त्रावणकोरपासून ओळखत होते. 1881 मध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभार आला त्या समारंभाच्या निमित्तानं रविवर्मा बडोद्याला आले, राजघराण्याची व्यक्तिचित्रं केली. पुढे 1888 मध्ये महाराज उटीला असताना त्यांनी रामायण-महाभारतावरच्या 14 चित्रांचं काम दिलं. रविवर्मा आणि धाकटे भाऊ राजा राजा वर्मा आधी उत्तरेकडे फिरले, लोक काय नेसतात, कसे दागिने घालतात ते बघितलं, आणि मग घरी परतून कामाला बसले. 1890 च्या अखेरीला चित्रं बडोद्यात पोचली. बघायला इतकी गर्दी झाली की ह्या चित्रांचे छाप काढले पाहिजेत ही कल्पना तिथूनच बळावली, असं म्हणतात. माधवरावांनी ती आधीच सुचवली होती. 1894 मध्ये घाटकोपरला छापखाना निघाला, नंतर तो मळवलीला गेला. आजीची लक्ष्मी त्यातलीच.

म्हणजे बघा, आपल्या भिंतीवरच्या ह्या चित्रांचं बरंचसं काम त्या किळिमानूरच्या घरातच झालं. बाकीचे लोक तिथे 'एका मोठ्या चित्रकाराचं घर' बघायला जातात. बडोदेकरांनी आपली चित्रं जिथून निघाली ते माहेर म्हणून जावं.

साडीचंही बघून ठेवा. देवीच्या खांद्यावरचा पदर, निऱ्या, काठ. आपल्याला त्या बायका घरच्या वाटतात, कुणाची मावशी, कुणाची आत्या. पण रविवर्म्यांच्या लहानपणी घरातल्या बायका मुंडु-नेरियतु नेसायच्या, पांढरी दोन वस्त्रं आणि सोनेरी काठ. साडी त्यांनी मोठेपणी, प्रवासात उचलली. तिथे गेल्यावर हे लख्ख कळतं, कारण आजही त्या पांढऱ्या-सोनेरी कापडातल्या बायका बसमध्ये तुमच्या शेजारी बसलेल्या असतात.

दिवस, गाडी, शिदोरी

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, ह्या काळात जा. जूनपासून तिकडे पाऊस, आणि तो संपला असं वाटतं तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आट्टुकाल पोंगालाचे दिवस कधी येतात ते मात्र बघून घ्या. लाखो बायका तिरुअनंतपुरमच्या रस्त्यांवर चुली मांडतात, तेव्हा खोली मिळणं कठीण. वन्संना पोंगालाच बघायचा होता, तो वेगळा प्रवास.

बडोद्याहून थेट गाड्या आहेत, कोकण रेल्वेनं जाणाऱ्या. दिवसाउजेडी कोकण यावं अशी गाडी निवडा, तिथे झोपून जाणं हा अपराध आहे. वाटेत कर्नाटकात मूकांबिका रोड बैंदूर नावाचं स्टेशन येतं, तिथे जागे राहा. कोल्लूरच्या मूकांबिकेला रविवर्म्यांनी 1870 मध्ये 41 दिवस उपासना केली आणि परतीच्या वाटेवर कोळिकोडला त्यांना व्यक्तिचित्राचं पहिलं पैसे मिळवून देणारं काम मिळालं. वन्संनी खिडकीतूनच हात जोडले.

शिदोरीला थेपले, दशम्या आणि लीला, म्हणजे बडोद्याचा ओलसर, चिवडा. लीला चिवडा दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, मऊ पडतो. चित्रासाठी कोळशाच्या काड्या घेतल्या असतील तर त्या घट्ट झाकणाच्या डबीत घाला आणि थेपल्यांच्या पिशवीत घालू नका. का, ते विचारू नका.

पुत्तन मालिकेचा घोळ

माझी पहिली खेप इथेच वाया गेली. मी अभ्यास करून गेले होते. वाचलं होतं की किळिमानूरच्या आवारात 'पुत्तन मालिका' म्हणून इमारत आहे, रविवर्म्यांनी चित्रांच्या कमाईतून बांधली असं मानतात. तिरुअनंतपुरमला उतरले आणि टॅक्सीवाल्याला ऐटीत म्हटलं, "पुत्तन मालिका." तो खूश झाला. दहा मिनिटांत एका देखण्या राजवाड्यासमोर गाडी उभी. मला वाटलं, नकाशात तर 35-40 किलोमीटर होतं, इतक्यात कसं आलं? तिकीट काढून आत गेले. छताखाली ओळीनं लाकडी घोडे कोरलेले. घोडे बघत, रविवर्म्यांचं बालपण मनात आणत, मी चांगला तास घालवला. मग एका पाटीवर स्वाती तिरुनाळ हे नाव वाचलं तेव्हा डोक्यात उजेड पडला.

झालं होतं असं: पद्मनाभस्वामी मंदिराशेजारी स्वाती तिरुनाळ महाराजांनी बांधलेला कुतिरमालिका हा राजवाडा आहे, 122 लाकडी घोड्यांचा. त्यालाही पुत्तन मालिका म्हणतात. 'पुत्तन' म्हणजे नवा, 'मालिका' म्हणजे माडीची इमारत. म्हणजे मी टॅक्सीवाल्याला 'नवा वाडा' एवढंच म्हटलं होतं. बडोद्यात येऊन कुणी रिक्षावाल्याला नुसतं 'पॅलेस' म्हणावं तसं. वाडा सुंदर आहे, जरूर बघा, पण माहीत असून बघा.

तर सांगायचं ते "किळिमानूर कोट्टारम्". कोट्टारम् म्हणजे राजवाडा. आणि ळ स्पष्ट म्हणा. आपल्याला ळ येतो, हिंदीवाल्यांसारखं 'किलिमानूर' म्हणून तो वाया घालवू नका. किळि म्हणजे पोपट, मान म्हणजे हरीण, ऊर म्हणजे गाव, अशी नावाची फोड सांगतात.

त्याच खेपेला दुसरी चूक. रविवारी तो घोळ झाला, म्हटलं निदान उद्या श्री चित्रा गॅलरी बघू. उद्या सोमवार. गॅलरी बंद. मंगळवारी परतीची गाडी. बडोद्याला आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय बघितलंस?" मी म्हटलं, "घोडे."

टॅक्सी न करता जायचं असेल तर रेल्वे स्टेशनसमोरच तंपानूरचा बस स्टँड आहे. एमसी रोडनं कोट्टारक्करा, कोट्टयमकडे जाणाऱ्या सरकारी बसगाड्या वेंजारमूडवरून किळिमानूरला जातात. पाट्या मल्याळममध्ये असतात, त्यामुळे कंडक्टरला विचारूनच चढा. उतरल्यावर रिक्षा. दुसऱ्या खेपेला आम्ही असंच गेलो, वन्सं, मी आणि माझी दहा वर्षांची नात, आणि मला टॅक्सीपेक्षा हेच आवडलं. रबराची झाडं, चढ-उतार, लाल माती बघत हळूहळू गावात शिरता येतं.

घर कुणाचं आहे हे विसरू नका

हे तिकीट लावलेलं म्युझियम नाही. सहा हेक्टरहून मोठं आवार आहे, त्यात जुनी घरं, दोन तळी, विहिरी आणि नागांची राई, आणि हे सगळं अजून त्या कुटुंबाचं आहे. देखभाल तेच करतात. म्हणून आधी चौकशी करून, परवानगी घेऊन जा. दुपारी जेवणाच्या वेळेला दार वाजवू नका. आपल्या वाड्यात कुणी न विचारता माजघरात शिरलं तर आपल्याला कसं वाटेल, तोच हिशोब. जे दाखवतील ते बघावं, जिथे थांबवतील तिथे थांबावं. चपला बाहेर. "फोटो एडुक्कामो?" म्हणजे फोटो काढू का, एवढं पाठ करून जा. मी "चित्रम् काणान् वन्नताणु", चित्र बघायला आलोय, हेही पाठ केलं होतं. उच्चार ऐकून समोरचे गृहस्थ हसले, पण त्यानंतर त्यांनी आम्हाला घाई केली नाही.

राईत मुलांना सोडू नका. त्याला तिकडे कावु म्हणतात. आपल्याकडे कोकणात देवराई असते ना, पान तोडायचं नाही, काटकी उचलायची नाही, तसंच. लांबून नमस्कार करावा.

आणि आत शिरायच्या आधी एक गोष्ट मुलांना सांगून ठेवा, म्हणजे घर कळतं. ह्या घराण्यात वंश आईकडून चालायचा. मुलं आईच्या घरी वाढायची, मोठा अधिकार मामाचा. 29 एप्रिल 1848 ला रविवर्मा इथे जन्मले ते आईच्या घरात, आणि इथेच वाढले. आई उमांबा स्वतः कविता करणाऱ्या, वडील नीलकंठन भट्टतिरिपाद संस्कृतचे जाणकार. लग्न झाल्यावर पत्नी मावेलिक्कराला आपल्या घरी, मुलंही तिकडचीच. मी हे सांगितल्यावर वन्सं उंबऱ्याशी थबकल्या. "म्हणजे सासुरवास नाहीच?" मग बराच वेळ गप्प होत्या. माझ्या नातीला मात्र वेगळंच सुचलं: "म्हणजे हे रोजच मामाच्या गावी!"

अगदी बरोबर. चित्रकलेचा श्रीगणेशाही मामानंच केला. मामाही राजा राजा वर्मा. पुढे भावाचंही तेच नाव, तिथे मुलांना गोंधळ होतो, तेव्हा 'मामा' आणि 'भाऊ' असंच म्हणा. मामा तंजावर पद्धतीची चित्रं काढायचे. गोष्ट अशी सांगतात की लहानगा रवी कोळशानं भिंतींवर प्राणी, माणसं काढून ठेवायचा, नोकर तक्रार घेऊन आले आणि मामानं रागवायच्या ऐवजी शिकवायला घेतलं. एकदा मामाचं अर्धवट चित्र बघून ह्यानंच त्यात पक्षी पुरा करून टाकला, अशीही एक गोष्ट आहे. 14 व्या वर्षी मामानं त्याला तिरुअनंतपुरमला आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या दरबारी नेलं. तिथे तैलरंग कुणी धड शिकवेना. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार आला, त्यानं काम करताना फक्त बघू दिलं. बघून बघून शिकला. मुलांना भिंतीची गोष्ट सांगणार असाल तर त्याच दमात "आपण भिंतीवर काढायचं नाही" हेही सांगा. माझ्या नातीच्या हातात कोळसा होता आणि नजर भिंतीवर होती.

चौकात अर्धा तास

आता ज्यासाठी आलो ते. केरळातलं जुनं घर म्हणजे नालुकेट्टु. चार बाजूंनी चार सोपे, मधे उघडा चौक. आपला चौसोपी वाडाच. फरक असा की तिकडे पावसामुळे छपरं पार खाली उतरलेली असतात. बाहेरून बघितलं तर घर टोपी डोळ्यांवर ओढून बसल्यासारखं दिसतं. त्यामुळे आत भर दुपारी अंधार, आणि उजेड यायचा तो मधल्या चौकातून नाहीतर एखाद्या दारातून. लाकूड वर्षांनुवर्षांच्या हातांनी, तेलानं काळं पडलेलं. त्या अंधारात कुणी चौकाच्या कडेला येऊन उभं राहिलं की चेहऱ्याची एक बाजू, खांदा आणि हात एवढंच उजळतं. बाकीचं माणूस मागच्या काळोखात बुडतं.

तिथे आपली बडोद्याची वही उघडा.

वन्संनी त्यांचे सात चौकोन काढले, एकदा चौकाकडे बघितलं, एकदा वहीकडे. मग नातीला सोप्यात खांबाशी उभं केलं आणि स्वतः समोर जाऊन उभ्या राहिल्या. "हिला बघ," मला म्हणाल्या, "सुभद्रा." शाळेच्या मळक्या ट्रॅकपँटमधली सुभद्रा, पण खरंच होतं. एका बाजूनं उजेड, मागे अंधार, मान खाली कारण तिला कंटाळा आला होता.

जेन्सनकडून आणि युरोपातल्या चित्रांच्या छापांवरून रविवर्मा छायाप्रकाश शिकले असं आम्ही वर्गात शिकवायचो. ते खोटं नाही. पण तंत्र शिकायच्या आधी चौदा वर्षं तो मुलगा ह्या अंधारात वावरला, आईचा चेहरा ह्याच तिरप्या उजेडात बघितला, हे पुस्तकात वाचून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. हे माझं मत आहे, कुणी कलेतिहासवाला वाद घालायला आला तर मी वन्संना पुढे करीन.

तेव्हा कृती अशी. सकाळी दहाच्या सुमाराला पोचा, ऊन तिरपं असताना. परवानगी असेल तिथे एका जागी बसा आणि अर्धा तास उठू नका. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही, कारण डोळे बाहेरच्या उन्हातून आलेले असतात. मोबाइल तर अजिबात काढू नका, त्याचा कॅमेरा अंधार आपोआप उजळ करतो, म्हणजे नेमकं बघायचं तेच घालवतो. मग कोळशाची काडी आडवी धरून कागदावर आधी अंधार भरा आणि उजेड कोरा सोडा. रेघ काढायची नाही. मुलांना हे मोठ्यांपेक्षा पटकन येतं. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा, नसेल तर दोन कागदांच्या मधे दुसरा कागद घाला, नाहीतर घरी पोचेपर्यंत सगळी चित्रं सारखीच करडी होतात.

कुटुंबातली आणखी एक व्यक्ती इथे आठवा, धाकटी बहीण मंगला बाई. तीही चित्रकार. भाऊ राजा राजा वर्मा तर प्रवासात, छापखान्याच्या व्यापात, चित्रांच्या मागच्या देखाव्यांत कायम बरोबर. त्यानं लिहिलेली रोजनिशीही आहे. 1905 च्या सुरुवातीला भाऊ गेला आणि 2 ऑक्टोबर 1906 ला रविवर्मा, ह्याच घरी, 58 वर्षांचे. जिथे कोळशानं सुरुवात झाली तिथेच.

उरलेला वेळ

त्याच गावात ललित कला अकादमीचं रविवर्म्यांच्या नावाचं केंद्र आहे, उघडं असेल तर डोकावा. एमसी रोडनं तसंच पुढे गेलात तर चडयमंगलमला डोंगरावर जटायूचं भलंमोठं शिल्प आहे, जटायू पडला तो हाच डोंगर असं तिकडे मानतात. ज्यांना रविवर्म्यांचं जटायुवधाचं चित्र आवडतं त्यांनी जावं. आम्ही गेलो ते नातीच्या हट्टानं, रोपवेसाठी. ऊन फार, पाणी बरोबर ठेवा.

श्री चित्रा गॅलरी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा, त्याच दिवशी कोंबू नका. रविवर्म्यांची चित्रं आता त्याच आवारातल्या राजा रविवर्मा आर्ट गॅलरीत लावली आहेत. तिथे हंस-दमयंती आहे आणि पायातला काटा काढायच्या मिषानं मागे वळून बघणारी शकुंतला आहे. घर बघून झाल्यावर ही चित्रं वेगळी दिसतात. तिथे कुणी म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधल्या, हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र रविवर्म्यांचं म्हणून सांगायला लागलं, आणि सांगतातच, तर नम्रपणे सुधारा. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे. माझी एक गुजराती शेजारीण अजून मानत नाही.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत पुन्हा एकदा फतेहसिंह म्युझियमला जा, वही घेऊन. उजेड डोळ्यांत ताजा असतो तोवरच. आम्ही तिघी स्टेशनवरून घरी आलो, आंघोळी केल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नात दप्तरात कोळशाची डबी घालून तयार होऊन बसली. रिक्षा गेटपाशी थांबली तेव्हा मला आठवलं, आज सोमवार.